क्लबच्या ग्लायडरमध्ये पैसे आधी कुठे घालायचे

तू लिहिलंस की नागपुरातल्या तुम्ही पंधरा-वीस जणांनी मिळून एक जुनं एएसके २१ अन् एक सुपर ब्लानिक एल-२३, दोन्ही दोन सीटची ग्लायडर (बिनइंजिनची विमानं), घ्यायचं जवळपास पक्कं केलंय, दोन्हीत जुने काट्यावाले इन्स्ट्रुमेंट आहेत, खरेदीनंतर हातात सहा-सात लाख उरतात अन् ग्रुपमध्ये बहुतेकांना मोठी रंगीत स्क्रीन पाहिजे, तर घ्यावी का. मी हडपसरला ग्लायडिंग शिकलो, नंतर बरीच वर्षं शिकवलं, अन् पॅनेलच्या मागे डोकं घालून नळ्या-वायरी जोडायचं काम तर अजूनही करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

स्क्रीन सगळ्यात शेवटी. शिकायच्या ग्लायडरमध्ये जी वस्तू बसवल्यावर पोराची नजर कॉकपिटच्या आत जास्त वेळ अडकते ती वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जी नजर बाहेर ठेवते, किंवा काही बिघडलंच तर माणसाला धड बाहेर काढते, तिच्यावर आधी खर्च करा. पुढचं सगळं मी याच हिशोबाने सांगतोय.

पहिलं काम म्हणजे जे बसवलेलं आहे ते खरं बोलतंय का ते बघा. एएसआय (स्पीड दाखवणारा), अल्टिमीटर (उंची दाखवणारा) अन् व्हेरिओ (किती वेगाने वर-खाली जातोय ते दाखवणारा) तिन्ही हवेच्या दाबावर चालतात, म्हणजे पिटो (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी), स्टॅटिक (स्थिर हवेचा दाब घेणारं भोक) अन् शेपटीवरच्या टोटल एनर्जी (टीई) प्रोबपासून पॅनेलपर्यंत आलेल्या नळ्यांवर. आपल्याकडच्या उन्हात या नळ्या कडक होतात, जोडावर चिरतात, अन् पावसाळ्यात खालच्या वाकणात पाणी साचतं. शिवाय कुंभारीण माशी, ती तर पिटोच्या भोकात दोन दिवसात मातीचं घर करते. मी ज्या क्लबात शिकवायचो तिथे एकदा असंच झालं, चार दिवस ग्लायडर कव्हरशिवाय उभं होतं, सकाळच्या तपासणीत कोणी नळीत बघितलं नाही, विंचवर (केबलने ग्लायडर ओढून वर नेणारं यंत्र) वर जाताना एएसआयचा काटा शून्यावरच. सोबतचा पोरगा काट्याकडे बघत नाक खाली करायला लागला, त्याला वाटलं स्पीडच नाही. मी कंट्रोल घेतला, नाकाचा अँगल अन् वाऱ्याचा आवाज यावर लाँच पूर्ण केला, सर्किट (धावपट्टीभोवतीचा ठरलेला फेरा) मारून जरा जास्त स्पीड ठेवून उतरवलं. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून पिटो अन् टीई प्रोबची लाल कव्हरं शिवून घेतली, लांब झालर लावलेली, अन् कव्हर मोजून पेटीत ठेवल्याशिवाय केबल लावायची नाही हा नियम केला. दोनशे रुपयांचं काम आहे, तुमच्या यादीत हे एक नंबरवर लिही.

लीक टेस्ट घरी बनवलेल्या साधनाने होते. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर लावायची, अर्धी पाण्याने भरायची, टी-जॉइंट टाकून एक बाजू पिटोला अन् एक इंजेक्शनच्या सिरिंजला. सिरिंज अगदी हळू दाबायची. दोन पातळ्यांत ४८ मिलिमीटर फरक पडला की एएसआयने ताशी १०० किलोमीटर दाखवायला पाहिजे, १०८ मिलिमीटरला १५०. मग नळी चिमटीत दाबून थांबायचं, काटा जागेवर राहिला तर नळ्या ठीक, हळूहळू खाली आला तर गळती शोधायची. तोंडाने फुंकायचं नाही, कधीच नाही, आतली डायाफ्राम इतकी नाजूक असते की एका फुंकरीत इन्स्ट्रुमेंट कायमचं वाया जातं. अन् टीई लाइनला कधी दाब द्यायचा नाही, तिथे हलकंसं ओढायचं, कारण ती सक्शनवर चालते.

टीई लाइनवर मी एवढा जोर देतो त्याचं कारण सांगतो. साधा व्हेरिओ फक्त उंची वाढली की घटली एवढं बघतो, म्हणजे स्टिक मागे ओढली, स्पीड खर्च करून ग्लायडर वर गेलं, तरी तो थर्मल (वर जाणारी गरम हवा) सापडल्यासारखा वर दाखवतो. टीई प्रोब स्पीडच्या बदलाएवढी भरपाई दाबातच करून टाकतो, मग काटा फक्त हवेने दिलेलं किंवा घेतलेलं दाखवतो. त्या लाइनमध्ये बारीकशी गळती असेल तर शिकणारा पोरगा स्वतःच्याच हाताने केलेल्या खोट्या थर्मलमागे फिरत बसतो अन् आपल्याला थर्मलिंग जमत नाही असं समजून निराश होतो. असे चांगले हात मी वाया जाताना पाहिलेत. नळ्या सगळ्या बदला, चांगल्या प्रतीची सिलिकॉन किंवा पीव्हीसी, पिटो, स्टॅटिक, टीई तिन्हीला वेगळा रंग, अन् रंगाचा तक्ता पॅनेलच्या मागे चिकटवून ठेवा.

यानंतर आवाजाचा व्हेरिओ. हा मी सेफ्टीच्या यादीत धरतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी काय थर्मल असतात ते तुला सांगायला नको, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या धुराड्यांच्या बाजूने किंवा रामटेकच्या टेकडीवर घारी पंख न हलवता वर चढताना दिसतात. अशा थर्मलमध्ये तुझ्यासोबत दुसरं ग्लायडर असणार, घारी असणार, अन् नजर जर दर तीन सेकंदाला काट्यावर जात असेल तर ते धोक्याचं आहे. आवाज आला की नजर बाहेर राहते, कान काम करतो. पॅनेलमधली भोकं ५७ किंवा ८० मिलिमीटरची असतात, हा जगभरचा रिवाज आहे, त्यामुळे ५७ चा इलेक्ट्रॉनिक व्हेरिओ जुन्या भोकात सरळ बसतो. मागच्या सीटला त्याचाच रिपीटर (तेच दाखवणारा दुसरा डायल) घ्या, इन्स्ट्रक्टरला विद्यार्थ्याच्या खांद्यावरून वाचायला लावू नका. अन् एक मेकॅनिकल व्हेरिओ, मेकॅनिकल एएसआय अन् अल्टिमीटर जसेच्या तसे राहू द्या, बॅटरी गेली तरी ते चालतात. दोन्ही ग्लायडरमध्ये मांडणी मात्र शक्य तेवढी सारखी ठेवा, एएसआय ज्या जागी एकात तिथेच दुसऱ्यात, व्हॉल्यूमचं बटण ज्या बाजूला एकात त्याच बाजूला दुसऱ्यात. कॅनोपीवरचा (कॉकपिटच्या काचेच्या झाकणावरचा) लोकरीचा धागा, ग्लायडर तिरकं जातंय का ते दाखवणारा, दोन्ही सीटसमोर पाहिजे, त्याच्याइतकं सच्चं इन्स्ट्रुमेंट मला अजून मिळालेलं नाही.

आता सीट. याबद्दल कोणी विचारत नाही पण ग्लायडरच्या अपघातात मणक्याला मार लागणं फार कॉमन आहे, कारण पायलटचं बूड अन् जमीन यांच्यामध्ये फार कमी जागा असते. अन् आपण काय करतो, घरची मऊ गादी टाकतो. मऊ गादी आदळताना आधी पूर्ण दबते, तेवढ्यात शरीराला खाली जायचा वेग मिळतो, मग सीटपॅनवर आपटतं, म्हणजे गादी नसती त्यापेक्षा वाईट. हळू दाबलं तर दबणारा अन् झटका बसला तर घट्ट होणारा एनर्जी अ‍ॅब्सॉर्बिंग फोम मिळतो, कॉन्फॉर, डायनाफोम या नावांनी, तो चारही सीटला टाका. आपल्या उन्हात हा फोम गरम झाला की मऊ पडतो, थंडीत कडक होतो, म्हणून घेताना कडक ग्रेड मागा अन् ग्लायडर कव्हरखाली ठेवा. उंची वाढवायला जाड फोम टाकला तर डोकं कॅनोपीला लागत नाही ना अन् रडर पेडल पूर्ण जातात ना ते बसून बघायचं.

बेल्टवर तारीख असते, ती वाचा. विणलेला पट्टा उन्हाने कमजोर होतो, दिसायला चांगला दिसतो पण असतो अर्धा मेलेला, बऱ्याच निर्मात्यांनी १२ वर्षांची मर्यादा दिलेली आहे. कमरेचा पट्टा पोटावर नको, मांडीच्या वर हाडावर खाली घट्ट बसला पाहिजे, नाहीतर माणूस खालून घसरतो. नवीन घेणारच असाल अन् मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर पाचवा पट्टा असलेला घ्या.

पॅराशूट चार पाहिजेत, दोन नाही, कारण दोन पुरतात असं ठरवलं की मग "आज फक्त सर्किट आहे ना, असू दे" सुरू होतं. रिपॅक, म्हणजे उघडून परत घडी घालणं, निर्मात्याच्या मुदतीत. दिवस संपला की पॅराशूट ग्लायडरमधून काढून कोरड्या खोलीत ठेवायचं, मेमध्ये बंद कॅनोपीखाली ते भाजून निघतं अन् जुलैत ओल धरतं. अन् दर सहा महिन्यांनी जमिनीवर खाली गाद्या अंथरून सराव करा, आधी कॅनोपी, मग बेल्ट, मग बाहेर, मोठ्याने बोलत. एएसके २१ ला दोन वेगळ्या कॅनोपी आहेत, पुढची पुढे उघडते अन् मागची मागे, तर मागे बसणाऱ्याला अन् पुढे बसणाऱ्याला आपापला लाल हँडल डोळे मिटून सापडला पाहिजे.

कॅनोपीवरून आठवलं. उघडी ठेवलेली कॅनोपी भिंगासारखं काम करते. वाकडा पर्स्पेक्स (पारदर्शक प्लास्टिक), वरून ऊन, खाली हेडरेस्ट किंवा पॅनेलचं काळं कव्हर, अन् काही मिनिटांत धूर. हे कुठल्याही देशात होतं, आपल्या ४५ अंशात तर लवकर होतं. पांढऱ्या सुती कापडाची कव्हरं दोन्हीला शिवून घ्या. एएसके २१ फायबरग्लासचं आहे, अशी ग्लायडर ५४ अंश तापमानापर्यंत मजबुती दाखवून प्रमाणित होतात अन् त्यासाठीच ती पांढरी असतात, म्हणून दिसायला सोपं व्हावं म्हणून पंखावर मोठे केशरी पट्टे रंगवायचे असा विचार ग्रुपमध्ये कोणी मांडला तर थांबवा. रंग फक्त मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागी, सहसा नाक, पंखांची टोकं, रडर.

आता फ्लार्म, म्हणजे हवेतली टक्कर टाळायला सावध करणारं यंत्र. हे स्वित्झर्लंडमध्ये २००४ साली ग्लायडर पायलटांनीच तयार केलेलं आहे. जीपीएस अन् दाबाच्या सेन्सरवरून स्वतःचा पुढच्या वीसेक सेकंदांचा मार्ग काढतं, तो रेडिओवर सांगतं, दुसऱ्याचा ऐकतं, अन् टक्कर होईल असं वाटलं तरच ओरडतं. मोठ्या विमानांच्या टक्कर टाळायच्या सिस्टिम थर्मलमध्ये निरुपयोगी ठरतात कारण तिथे सगळेच जवळ असतात अन् त्या सतत ओरडत राहतात, फ्लार्मला गोल फिरणं समजतं हा त्याचा मोठा गुण. पण साधं फ्लार्म फक्त फ्लार्मवाल्यालाच बघतं. तुमच्याकडे दोन ग्लायडर असतील तर दोन्हीत एकाच दिवशी बसवा, एकात बसवून उपयोग शून्य. घेताना एडीएस-बी (विमान स्वतःची जागा रेडिओवर सांगतं ती सिस्टिम) अन् ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारा विमानातला रेडिओ) ऐकणारं मॉडेल घ्या, सोनेगावला येणारी मोठी विमानं अन् ट्रेनिंगची सेसना त्यात दिसायची शक्यता आहे, ज्यांच्याकडे एडीएस-बी नाही त्यांचं फक्त अंदाजे अंतर मिळतं, दिशा नाही. घार, पतंग, ड्रोन यातलं काहीच त्याला दिसत नाही. पोरांना पहिल्या दिवशी हे सांगायचं, कारण स्क्रीन शांत आहे म्हणजे आकाश रिकामं आहे असं मनात बसलं की पुढे काढता येत नाही.

अँटेनाचं बघ. एएसके २१ चं फायबरग्लास रेडिओ अडवत नाही, तिथे पॅनेलच्या वर ग्लेअरशील्डवर उभी लावली तरी चालते. ब्लानिक पूर्ण धातूचं, त्यामुळे अँटेना कॅनोपीच्या काचेखाली, आजूबाजूला वायरी अन् कंपास नसलेल्या जागीच पाहिजे, तरीही खालून अन् मागून काही भाग आंधळा राहतो. बसवल्यावर चार-पाच फ्लाइटच्या आयजीसी फाइल (उड्डाणाची नोंद) घेऊन फ्लार्मच्या रेंज अ‍ॅनालायझरमध्ये टाका, कोणत्या दिशेला किती किलोमीटर ऐकू येतं त्याचं चित्र मिळतं, कमी असेल तर अँटेना हलवा, परत मोजा. अन् सॉफ्टवेअर वर्षातून एकदा अपडेट करावंच लागतं, मुदत संपली की यंत्र काम करायचं थांबतं, तर अ‍ॅन्युअल इन्स्पेक्शनच्या कार्डावरच ती ओळ छापून घ्या.

मात्र ऑर्डर द्यायच्या आधी परवान्याचं काम. फ्लार्म युरोपात ८६८.२ अन् ८६८.४ मेगाहर्ट्झवर बोलतं, आपल्याकडचा परवान्याशिवाय वापरायचा पट्टा ८६५ ते ८६८, म्हणजे ते अगदी काठाच्या बाहेर पडतं. म्हणून डब्ल्यूपीसीकडे (रेडिओ परवाने देणारं केंद्र सरकारचं खातं) लेखी अर्ज करा, तोंडी "चालतं ना" वर जाऊ नका. विमानाच्या रेडिओलाही त्यांचाच परवाना लागतो, दोन्ही अर्ज सोबत जाऊ द्या. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारे जे छोटे कम्युनिकेटर परदेशात सगळे पायलट वापरतात ते तर कोणी नातेवाइकाकडून मागवूच नका, परवान्याशिवाय आपल्या देशात ते बाळगणं गुन्हा आहे.

मग शेतात उतरलं तर शोधायचं कसं? काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा, पेंचकडे जंगल अन् मोबाइलला रेंज नाही, काळ्या जमिनीला मेमध्ये पाय अडकेल एवढ्या भेगा. इथे ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटात सॅटेलाइटला सिग्नल देणारं यंत्र. जुना फक्त १२१.५ चा ईएलटी (ग्लायडरला बसवलेला बीकन) ग्लायडरसोबत आला असेल तर त्यावर विसंबू नका, सॅटेलाइटनी ती फ्रिक्वेन्सी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलंय. ४०६ चा सिग्नल आपल्याकडे बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात जातो, तिथे बीकनची नोंदणी करून क्लबचे दोन फोन नंबर द्यायचे. माझं मत विचारशील तर ग्लायडरला चिकटवलेल्या ईएलटीपेक्षा पॅराशूटच्या पट्ट्यावर अडकवलेला पीएलबी (माणसाने अंगावर बाळगायचा छोटा बीकन) बरा, कारण उडी मारली तर ईएलटी ग्लायडरसोबत जातो अन् माणूस दुसरीकडे उतरतो. शिवाय डब्ल्यूपीसीकडून फ्लार्मची परवानगी आली की हँगरवर एक अँटेना, एक रास्पबेरी पाय अन् एक यूएसबी रिसीव्हर लावून ओपन ग्लायडर नेटवर्कचं (फ्लार्मचे सिग्नल जमिनीवर ऐकणारं जाळं) स्टेशन सुरू करा, काही हजारांत होतं, ग्लायडर शेवटचं कुठे होतं ते नकाशावर दिसतं अन् लाँचची वही आपोआप भरते. तुमच्यात कॉम्प्युटरवाली पोरं आहेत, त्यांना हे काम द्या.

काही स्वस्त वस्तू, ज्या स्क्रीनच्या नादात राहून जातात. एअरब्रेक (ग्लायडर खाली आणायला पंखातून उघडणारे ब्रेक) लॉक न करता लाँच घेणं हा जुना जीवघेणा प्रकार आहे, लिव्हर अर्ध्यावर सुटून पूर्ण उघडू नये म्हणून पिगट हूक नावाची एक साधी खाच असलेली पट्टी येते, एएसके २१ ला आहे का बघा, नसेल तर बसवा. पंख जोडताना कंट्रोलचे लॉतेलिए बॉल-जॉइंट असतील तर त्यावर सेफ्टी पिन किंवा वेडेकिंड स्लीव्ह, अन् जोडणी झाल्यावर दुसऱ्या माणसाने बाहेरून कंट्रोल सरफेस धरून जोर लावायचा. विंचच्या केबलला वीक लिंक (जास्त ताण आला की मुद्दाम तुटणारी कडी) एएसके २१ साठी काळी, १००० डेकान्यूटनची. ब्लानिकची त्याच्या मॅन्युअलमधून बघा, काळी आहे म्हणून तीच लावली असं करू नका. अन् ब्लानिकबद्दल एक, एल-१३ चा पंख ऑस्ट्रियात जून २०१० मध्ये हवेत तुटला, स्पारला (पंखाच्या मुख्य कण्याला) धातूच्या थकव्याची चीर होती, त्यानंतर जगभरची एल-१३ जमिनीवर बसली. एल-२३ हे वेगळं मॉडेल आहे, तरी त्याच घराण्याचं, तर किती तास, किती विंच लाँच, किती एरोबॅटिक याची पूर्ण लॉगबुक हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

रेडिओ साधा, चांगला माइक, पुढे-मागे दोन पीटीटी (दाबून बोलायची) बटणं. एवढं बस.

बॅटरीवर मात्र थांबतो, कारण वरचं सगळं तिच्यावर चालतं. जुनी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड आपल्या उन्हात फार टिकत नाही, तापमान १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. लिथियम आयर्न फॉस्फेट त्याच आकारात येते, वजन जवळपास अर्धं. पण तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो अन् मग एकदम पडतो, व्होल्टमीटरवरून किती उरली ते कळत नाही, म्हणून तासांचा हिशोब ठेवा. जुना चार्जर तिला लावायचा नाही. ऊन खाल्लेली बॅटरी लगेच चार्जला लावायची नाही, आधी सावलीत थंड होऊ द्या. वजन कमी झालं की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी बदलतं, विशेषतः बॅटरी शेपटीत किंवा नाकात असेल तर, मग वजन करून नवीन शीट. अन् फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून बोटभर अंतरात पाहिजे. पॅनेलवर फ्यूज आहे म्हणून चालणार नाही, बॅटरी ते पॅनेल ही वायर घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूज काय वाचवणार, अन् ती वायर तुझ्या सीटच्या बाजूने जाते.

कागदाचं म्हणशील तर यातलं फोम, कव्हर, धागा सोडलं तर जवळपास सगळंच मॉडिफिकेशन धरलं जातं. डीजीसीएच्या सीएआर २१ या नियमाप्रमाणे मंजुरी, लायसन्सवाल्या एएमईची (विमान दुरुस्ती इंजिनिअरची) सही, लॉगबुकात नोंद. मिहानच्या एमआरओमुळे (विमान दुरुस्ती केंद्रामुळे) नागपुरात एएमई भरपूर आहेत, ग्लायडरवर हात बसलेला एखादाच सापडेल, त्याला खरेदीच्या आधीच सोबत घ्या. युरोपच्या ईएएसए या विमान नियामक संस्थेने सीएस-स्टॅन या नियमावलीत फ्लार्म कसं बसवायचं याची तयार पद्धत दिलीय, सीएस-एससी०५१. ती आपल्याकडे आपोआप लागू होत नाही पण अर्जासोबत जोडली तर समोरच्याला काम समजायला सोपं जातं.

स्क्रीनवाल्यांना काय सांगायचं? एक्ससीसोअर हे ग्लायडिंगचं नॅव्हिगेशन सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या ई-इंक रीडरवर चालतं, उन्हात कागदासारखं दिसतं, तर ज्याला क्रॉसकंट्री करायचंय त्याने स्वतःचं आणावं अन् घट्ट बसणाऱ्या माउंटवर लावावं. सोलो (एकट्याने उडणं) होईपर्यंत कोणालाच नाही. मोबाइल मांडीवर ठेवून उडायला मी कोणालाच देत नाही, मेमध्ये तो गरम होऊन बंद पडतो अन् खाली पडला तर स्टिकच्या बुडाशी जाऊन अडकतो. पाण्याच्या बाटलीचंही तेच, पाणी भरपूर न्या पण खिशात किंवा पिशवीत बांधून.

तुझ्या पैशांत नळ्या, आवाजाचे व्हेरिओ, फोम, बेल्ट अन् बॅटऱ्या बसतील. फ्लार्म एकेक हजार ते दोन हजार युरोचं असतं, वर कस्टम्स, तर परवानगी येईपर्यंत वर्गणी जमवा. पॅराशूट सेकंडहँड घेताना बनवल्याची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. आता तू एक कर, दोन्ही ग्लायडरच्या पॅनेलचे मागून फोटो मागव, बॅटरी बॉक्सचा फोटो उघडून, अन् चारही बेल्टवरच्या लेबलचे. बेल्टच्या तारखा दिसल्या की बाकीच्याचा हिशोब मी करून देतो.